सुप्याचा ‘दरोडा’ आणि चोरीला न जाणारे शेत

१/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे व खातेवह्या हिसकावून जाळल्या, धान्यही लुटले. ‘हा निव्वळ दरोडा’, असे आजही ठणकावून सांगितले जाते. कायद्याच्या भाषेत ते चूक म्हणता येणार नाही. पण ती भाषाच तपासली पाहिजे.

२/ २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ३७८ चोरीचे घटक सांगत असे : अप्रामाणिक हेतू, जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, त्याची संमती नसणे आणि वस्तू हलवणे. त्यासाठी दुखापत केली वा तिचे तत्काळ भय घातले, की ती जबरी चोरी (कलम ३९०). पाच वा अधिक जणांनी मिळून केली, की दरोडा (कलम ३९१).

३/ स्वतःचा लाभ नसला तरी चालतो. दुसऱ्याची गैर हानी करण्याचा हेतू पुरतो. म्हणून जाळण्यासाठी रोखा हिसकावणाराही चोर ठरतो.

४/ आता ‘जंगम’ हा शब्द पाहा. कापलेले कणीस चोरीला जाते, शेत जात नाही. फुगवलेल्या व्याजाच्या रोख्यावर एकतर्फी हुकूमनामा मिळवून शेत गिळले, तर ती चोरी नव्हे, वसुली!

५/ रोखे निर्मळ होते, तर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना रोख्यामागचा मूळ हिशेब तपासायला का लावले? सुप्याला दरोडा जरूर म्हणा. पण शेते कोणत्या कागदावर गेली, तेही त्याच दमात सांगा.