मागच्या मालकाचा शेरा

दर आठवड्याला या पानावर आपली भेट होते ती उभ्याउभ्याच. जागा थोडी, आणि तुम्हालाही ऑफिसची गाडी गाठायची घाई. दिवाळीत मात्र संपादक जरा ऐसपैस जागा देतात. तेव्हा बसा, चकली घ्या, आणि निवृत्त झाल्यावर मी अमेरिकेत जाऊन पुन्हा कारकुनी कशी करून आलो ते ऐका.

माझा भाचा कॅलिफोर्नियात स्टॉक्टन नावाच्या गावी राहतो. गेला तेव्हा इंजिनियर होता. पुढे कंपनी बुडाली. वर्षभर त्याने अर्ज केले, आणि मग एके दिवशी जड वाहनाचं लायसन काढून सरळ ट्रक चालवू लागला. आमच्या नातेवाइकांत ही बातमी 'तो हल्ली ट्रान्स्पोर्टमध्ये असतो' अशा सोवळ्या शब्दांत सांगतात. ऐकणाऱ्याला वाटावं, कुठल्या खात्याचा कमिशनर असेल! ताईने, म्हणजे त्याच्या आईने, मात्र कधी लपवलं नाही. "माझा मुलगा अठरा चाकं सांभाळतो, तुमच्या मुलाला दोन सांभाळत नाहीत," असं तिने शेजारच्या एका बाईंना सुनावलं होतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. तो विमानतळावर घ्यायला आला. दुसऱ्या दिवशी घरी, तिसऱ्या दिवशीही घरी. "सुट्टी घेतली आहे मामा," म्हणाला. मी भाबडा, मला खरं वाटलं. पाचव्या दिवशी आमची ही हळूच म्हणाली, "अहो, सुट्टीवरचा माणूस दर अर्ध्या तासाने टपाल बघतो का?"

रात्री जेवणं झाल्यावर त्याला समोर बसवलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

त्या ऑगस्टात आमच्या मेव्हण्यांना अर्धांगाचा झटका आला, हे मला ठाऊकच होतं. तो निरोप भाच्याला मिळाला तेव्हा तो माल उतरवून सॅक्रामेंटोला उभा होता. कंपनीचं मुख्य आवार सॉल्ट लेक सिटीला, म्हणजे मध्ये डोंगर आणि वाळवंट ओलांडून साडेसहाशे मैलांवर. गाडी तिथं नेऊन द्यायची आणि मग विमान गाठायचं म्हणजे दोन दिवस जाणार. त्याने डिस्पॅचरला, म्हणजे गाड्या सोडणाऱ्या साहेबाला, फोन केला. कंपनीनेच सॅक्रामेंटोला भाड्याने घेतलेल्या जागेत ट्रक लावला, किल्ली तिथल्या पेटीत टाकली, आणि त्याच रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. पोचला तेव्हा मेव्हणे बोलू शकत नव्हते, पण ओळखत होते. आठ दिवसांनी ते गेले.

दिवसपाणी उरकून परत गेला तो नोकरी सुटलेली. त्याचं त्याने वाईट वाटून घेतलं नाही. ड्रायव्हरांना तिकडे कामाची वाण नाही. पण एका ठिकाणी नकार, दुसऱ्या ठिकाणी नकार, तिसऱ्या ठिकाणी होकार देऊन मग नकार. शेवटी एका भल्या बाईने कारण सांगितलं: मागच्या मालकाने कागदावर शेरा मारला होता, 'ट्रक टाकून गेला. माल पोचवण्यात उशीर.'

ट्रक टाकून जाणं हा त्या धंद्यात मोठाच गुन्हा. बँकेतल्या माणसाबद्दल 'तिजोरी उघडी टाकून गेला' म्हटल्यासारखं. आणि तिकडे नुसत्या तोंडी चौकशीवर भागत नाही. ड्रायव्हरांच्या मागच्या नोकऱ्यांची माहिती मालकांकडून गोळा करून नव्या मालकांना पुरवणाऱ्या संस्थाच आहेत. त्या अहवालाला ड्रायव्हर लोक 'डॅक' म्हणतात. माणूस अर्ज घेऊन पोचायच्या आधी त्याचा डॅक पोचलेला असतो.

"ताईला यातलं काही सांगू नका मामा," तो म्हणाला. "तिला वाटेल, बाबांसाठी आलो म्हणून माझी नोकरी गेली."

भाचेसून म्हणाली, "मामा, अर्जात ही नोकरी लिहिलीच नाही तर?" मी मान हलवणार होतो. तीस वर्षं आस्थापना शाखेत काढली तरी घरच्या माणसाचं बघताना अक्कल गहाण पडते. सुदैवाने दुसऱ्या दिवशी शेजारचे सरदारजी आले. त्या भागात पंजाबी ट्रकवाले पुष्कळ. स्टॉक्टनचा गुरुद्वारा १९१२ सालचा. सरदारजींनी सव्वीस वर्षं ट्रक हाकला होता. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "बेटा, पहले कागज मंगवाओ. गुस्सा बाद में करना."

मग त्यांनी एकेक गोष्ट समजावली, आणि पुढे आम्ही कागदांवरून ती ताडून पाहिली. जड वाहनाच्या ड्रायव्हरने अर्जात मागच्या दहा वर्षांतल्या ड्रायव्हरीच्या नोकऱ्या लिहायच्याच असतात. नव्या मालकानेही मागच्या तीन वर्षांतल्या मालकांकडे चौकशी करायची, असा तिथल्या केंद्र सरकारचा नियम आहे. तेव्हा नोकरी लपवली तर आज ना उद्या उघडी पडणार, आणि मग एका खोट्या शेऱ्याच्या जोडीला एक खरा मिळणार!

पण ज्या सरकारने चौकशी लादली, त्यानेच ड्रायव्हरला काही हक्कही दिले आहेत. मागच्या मालकाने सुरक्षिततेबद्दल काय कळवलं ते त्याला पाहता येतं, चूक असेल तर दुरुस्ती मागता येते. मालकाला दुरुस्ती मान्य नसेल, तर तसं त्याने पंधरा दिवसांत कळवायचं. मग ड्रायव्हरला आपलं म्हणणं त्या माहितीला जोडता येतं. भाच्याचं अपघाताचं पान कोरं होतं, तेव्हा तिथं भांडण नव्हतं. आमचं भांडण त्या दुसऱ्या अहवालाशी. त्याला १९७० चा एक कायदा लागू आहे. अहवालामुळे नोकरी नाकारली गेली, तर कळवल्यापासून साठ दिवसांत मागितल्यास प्रत फुकट मिळते. मजकूर चुकीचा आहे असं लिहून दिलं, की त्या संस्थेने सर्वसाधारणपणे तीस दिवसांत फेरतपास करायचा. ज्याचा पडताळा मिळत नाही तो मजकूर काढून टाकायचा. आणि तपास होऊनही वाद मिटला नाही, तर माणसाला आपलं छोटं निवेदन अहवालात घालता येतं. ते शंभर शब्दांत बसवा अशी अट ती संस्था घालू शकते. मात्र मग थोडक्यात लिहायला तिने मदत करायची असते.

शंभर शब्द! निवेदन लिहायचं काम अर्थातच मी अंगावर घेतलं. रात्री बसून झकास मसुदा केला. त्यात कंपनीचा हृदयशून्यपणा आला, पितृऋण आलं, डिस्पॅचरच्या संस्कारांबद्दलही दोन वाक्यं आली. सकाळी मोजले तर चारशे अकरा शब्द. हिने चष्मा लावून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिव्या काढा, निम्मं पत्र कमी होईल. हुंदके काढा, उरलेलं बसेल."

मग आम्ही पहिल्यापासून बसलो. मी भाच्याला एकच प्रश्न विचारला, "यातलं खरं किती?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोनदा माल उशिरा पोचला, ते खरं. एकदा चूक माझी होती, एकदा बर्फामुळे घाट बंद होता. गाडी सॉल्ट लेकला न्यायचा नियम होता, ती नेली नाही, तेही खरं. पण टाकून नाही गेलो मामा. विचारून गेलो."

"पुरावा?"

त्याने फोन काढला. लावलेल्या ट्रकचा फोटो, किल्लीच्या पेटीचा फोटो, आणि खाली डिस्पॅचरचं उत्तर: ठीक आहे, सांभाळून जा. तारीख, वेळ, सगळं. तीन महिने हा मुलगा खिशात स्वतःची सुटका घेऊन हिंडत होता!

निवेदन झालं ते असं: दोनदा उशीर झाला हे मान्य, त्यांच्या तारखा आणि कारणं अशी. वडील अत्यवस्थ असल्यामुळे अमुक तारखेला ट्रक कंपनीच्याच सॅक्रामेंटोच्या जागेत लावला. आधी डिस्पॅचरला कळवलं. त्याचं लेखी उत्तर आणि फोटो माझ्याकडे आहेत, मागितल्यास दाखवीन. बस्स. एक विशेषण नाही. भाचेसुनेने इंग्रजीत शब्द मोजले. शहाण्णव.

आता तुम्हाला वाटेल, शेरा पुसला गेला. नाही. तपास झाला, मागच्या मालकाने आपला हेका सोडला नाही, आणि शेरा जिथं होता तिथंच राहिला. पण आता त्याच्या शेजारी उत्तर उभं होतं. भाच्याने आणखी एक केलं. पुढच्या अर्जाच्या वेळी कोणी विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं, "माझ्या अहवालात असं असं लिहिलेलं आहे, आणि माझं म्हणणं असं आहे." बारा ट्रकांचा एक छोटा मालक होता. त्याने फोटो पाहिले, निवेदन वाचलं आणि म्हणाला, "उशीर झाला ते तू कबूल केलंस, म्हणून बाकीचं मला खरं वाटतं." डिसेंबरात भाचा कामावर रुजू झाला. मग त्याने ताईला फोन करून सगळं सांगितलं. ताई एवढंच म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंस. त्यांना गाडीच्या पेटीत किल्ली ठेवलेली कळली, आणि मला नाही?"

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण परतीच्या विमानात मला झोप लागली नाही.

आमच्या ऑफिसात एक तरुण कारकून होता. १९९१ सालची गोष्ट. साहेबांसाठी त्याच्या गोपनीय अहवालाचा मसुदा मी केला आणि लिहिलं, 'कामात चालढकल करतो.' असा प्रतिकूल शेरा त्या माणसाला कळवायचा असतो, म्हणजे त्याला मुदतीत उत्तर देता येतं. ते कळवण्याचं पत्र माझ्याच टेबलात पडून राहिलं. मुद्दाम नव्हे, पण मुदत गेली, त्याची बढती दोन वर्षं मागे पडली. त्या काळात त्याची बायको अंथरुणाला खिळली होती, हे मला मागाहून कळलं. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. पुढे २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बरा असो वा वाईट, अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. ती बातमी वाचून मी वर्तमानपत्राची घडी घातली होती, ती जरा लवकरच.

भाच्याच्या मागच्या मालकाला मी चारशे अकरा शब्दांत जे जे म्हणालो होतो, ते सगळं विमानात मला परत ऐकू येत होतं.

तो कारकूनही आता निवृत्त झाला आहे. या दिवाळीच्या आधी मी त्याला पत्र लिहिलं. काय लिहिलं होतं, पत्र कुठं पडून राहिलं, चूक कोणाची. विशेषण एकही नाही, हुंदका नाही. मोजून पाहिलं, शंभर शब्दांच्या आत बसलं. गेल्या सोमवारी पेटीत टाकलं.

उत्तर द्यायचा हक्क त्याचा आहे. मुदत मात्र या खेपेला मी घातलेली नाही.