क्ष-किरणांच्या खोलीतील उघडी तार

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्झबर्ग येथे विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढील दशकांत किरणांनी भाजलेले हात, गळालेली बोटे, कर्करोगाने गेलेले संशोधक यांची नोंद इतिहासाने ठळकपणे घेतली. त्याच खोलीत छताखालून गेलेल्या उघड्या तारेला मात्र त्या इतिहासात फारशी जागा मिळाली नाही.

आरंभीची यंत्रे प्रवर्तन कॉइलवर चालत. विद्युतदाब प्रचंड, पण प्रवाह क्षीण. चुकून स्पर्श झाला तर माणूस कळवळून मागे सरे. जीव बहुधा वाचे. १९०७ मध्ये फिलाडेल्फियाच्या होमर क्लाइड स्नूक यांनी शक्तिशाली रोहित्रावर चालणारे यंत्र आणले आणि १९१३ मध्ये विल्यम कूलिज यांची तप्त तंतूची नळी आली. चित्रे स्पष्ट झाली, रुग्णाला स्थिर पडून राहण्याचा वेळ घटला आणि तीच तार प्राणघातक ठरली. सुधारणेनेच धोका वाढवल्याचे इतके स्वच्छ उदाहरण तंत्रज्ञानाच्या इतिहासात सहज सापडत नाही.

ती खोली डोळ्यांसमोर आणावी. पडद्यावरची प्रतिमा फिकट, म्हणून खोली काळोखी. डॉक्टरांची नजर अंधाराला सरावलेली, हात रुग्णाच्या अंगावर फिरणारे. आणि वरून नळीपर्यंत उतरलेल्या, हजारो व्होल्ट वाहणाऱ्या नग्न तारा. अशा खोल्यांत डॉक्टर, तंत्रज्ञ आणि रुग्णही दगावले. नळी व रोहित्र तेलात बुडवून बंदिस्त करणे, तारांवर जाड रबर आणि त्यावर अर्थिंग केलेले धातूचे आवरण चढवणे हे उपाय १९२० आणि १९३०च्या दशकांत रुळले. पण नवे यंत्र घ्यायला पैसे असलेल्या रुग्णालयापुरतेच ते संरक्षण होते. जुन्या यंत्राला परत बोलावणारे कोणी नव्हते.

म्हणूनच आज एखाद्या कंपनीने स्कॅनर ‘रिकॉल’ केल्याची बातमी आली की ‘पूर्वीची यंत्रे किती भरवशाची होती’ असा जो सूर निघतो, तो इतिहासाला धरून नाही. पूर्वी रिकॉल होत नसत, कारण विचारणाराच नव्हता. शिवाय रिकॉल म्हणजे दरवेळी यंत्र उचलून नेणे नव्हे. टनावारी वजनाच्या यंत्राची सदोष तार, फ्यूज किंवा अर्थिंगची जोडणी बहुधा जागेवरच बदलली जाते.

प्रश्नाचे दुसरे पर्व हृदयापाशी सुरू झाले. १९२९ मध्ये एबर्सवाल्डे येथील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या दंडातील शिरेतून नळी सरकवली आणि चालत क्ष-किरण विभागात जाऊन ती हृदयात पोहोचल्याचे छायाचित्र घेतले. या वाटेने निदानाचे नवे शास्त्र उभे राहिले. १९५६ मध्ये नोबेल आले. पण त्वचेचा अडसर ओलांडून नळी थेट हृदयाला भिडली की एरवी जाणवणारही नाही असा, काही दशक मायक्रोॲम्पिअरचा गळती प्रवाहसुद्धा हृदयाची लय बिघडवू शकतो. अर्थिंग तुटलेले यंत्र आणि त्याला जोडलेली नळी एवढे पुरेसे.

१९७१ मध्ये राल्फ नेडर यांनी एका अमेरिकी मासिकात लिहिले की, रुग्णालयांत दरवर्षी किमान १,२०० माणसे अशा विजेने मरतात. त्या आकड्याला पुढे भक्कम आधार मिळाला नाही. आकडा फुगवला की खरा प्रश्नही संशयित होतो, हा दोष नेडर यांच्या पदरी टाकलाच पाहिजे. तरीही त्या खळबळीनंतर रुग्णालयांत गळती प्रवाह मोजला जाऊ लागला, बायोमेडिकल अभियंत्यांची गरज पटली. १९७६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांचा स्वतंत्र कायदा झाला. १९९०च्या कायद्याने उपकरणामुळे झालेला मृत्यू कळवणे रुग्णालयांवर बंधनकारक केले. दरम्यान आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाचे मानक १९७७ मध्ये आले. हृदयाला जोडल्या जाणाऱ्या भागातून रुग्णापर्यंत जाणाऱ्या गळतीची मर्यादा सामान्य स्थितीत १० मायक्रोॲम्पिअर ठरली.

भारतात हा प्रवास ताजा आहे. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला, वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. कायदा आला, हे चांगलेच. पण रिकॉलची सूचना जाते ती मूळ खरेदीदाराच्या पत्त्यावर. तेच यंत्र पुढे दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे गेले असेल आणि मधल्या विक्रीची नोंद कोणी ठेवली नसेल, तर ते पाकीट जुन्याच दारात पडून राहते आणि यंत्र मात्र दुसऱ्या गावात रोज सकाळी सुरू होते.