शायलॉकचे ‘अरे-तुरे’

मुलांना इंग्रजी शिकवण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, तिच्याशी माझे भांडण आहे. ऐन फराळाच्या वेळी ते उकरून काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. व्याकरणाचा तास वेगळा, गोष्टीतल्या पात्रांचा वेगळा. जणू दोघांत जन्माचा अबोला! व्याकरणाच्या वहीत ‘दाउ’ म्हणजे द्वितीय पुरुष, एकवचन, हल्ली प्रचारात नाही. गाईडात शायलॉक म्हणजे लोभी, क्रूर, सूडबुद्धीचा. तीन विशेषणे घोकली की पोरगा पास.

शेजारची मुले ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी गाईड मिटायला लावतो. पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश काढा, आणि कोण कोणाला ‘यू’ म्हणतो, कोण ‘दाउ’, त्याखाली पेन्सिलीने रेघा ओढा. कर्ज देणार का, असे विचारताना अँटोनियो शायलॉकला ‘यू’ म्हणतो. गरजवंत ना! पण शायलॉकने मागचा अपमान, कुत्रा म्हटल्याचा, अंगावर थुंकल्याचा, बोलून दाखवला मात्र; शेठजी तत्काळ ‘दाउ’वर घसरतात आणि पुन्हा थुंकेन म्हणून बजावतात. शायलॉक त्या प्रवेशात त्याला ‘यू’च म्हणत राहतो. पुढे तिसऱ्या अंकात अँटोनियो कैदेत पडतो, आणि आता शायलॉकच्या तोंडी ‘दाउ’ येते. तेही नेमके त्या कुत्र्याची आठवण काढताना!

मराठी मुलाला हे कळायला कोश लागत नाही. ‘अहो’चे ‘अरे’ केव्हा होते आणि त्यावरून काय रामायण घडते, हे त्याने जिन्यात उभे राहून ऐकलेले असते. “काका, हे तर अरेला का रे झाले,” एक मुलगी चटकन म्हणाली. शायलॉक त्यामुळे साधू ठरत नाही. माणसाच्या छातीचे मांस तोलून मागणाराच तो. पण तीन विशेषणांत तो मावेनासा होतो खरा.

“परीक्षेत असले विचारत नाहीत हो,” असे पालक म्हणतात. ठाऊक आहे. परीक्षेत विचारतात, ‘प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष करा.’ डिकन्सचा भुकेला ऑलिव्हर वाडगा पुढे करून आणखी पेज मागतो, ते वाक्य अप्रत्यक्ष करून पाहा. त्यातले ‘प्लीज’ जाते, ‘सर’ जाते, पोराचा कापरा आवाज जातो. आणि त्या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क मिळतात.