खेळातलं विज्ञान : गाडी उलटते तेव्हा

बालमित्रांनो, कॉम्प्युटरवर मोटारसायकलच्या कसरतींचा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. बटणं चारच. वेग वाढवा, ब्रेक लावा, पुढं झुका, मागं झुका. चित्रंही साधीच असतात. तरी पोरं जेवायचं विसरतात! असं काय असतं बरं त्यात?

हा खेळ अंदाजाचा आहे. गाडी उलटली की का उलटली ते लगेच दिसतं. चढावर वेग कमी पडला, नाहीतर उडी मारताना जास्त झाला. आपण मनात म्हणतो, 'आता जरा हळू घेऊ,' आणि पुन्हा सुरुवात करतो. आपला अंदाज बरोबर होता की नाही, ते अर्ध्या मिनिटात कळतं.

२००६ साली स्लोव्हेनिया या युरोपातल्या छोट्याशा देशात बोश्तियान चादेझ नावाच्या विद्यार्थ्यानं 'लाइन रायडर' हा खेळ तयार केला. त्यात आपण पडद्यावर रेघ ओढायची आणि घसरगाडीवर बसलेला एक छोटा मुलगा तिच्यावरून घसरत जातो. तो नीट उतरणार की आपटणार, ते आपल्या रेघेवर अवलंबून. गुण नाहीत, शत्रू नाही, तरी हा खेळ जगभर गाजला.

पडद्यामागं काय चालतं? कॉम्प्युटर एका सेकंदात कितीतरी वेळा हिशेब करतो. गुरुत्वाकर्षण गाडीला किती खाली ओढतंय, चाकाला घर्षण किती, वेग किती. नववीच्या पुस्तकात भेटणारे न्यूटनचे नियम ते हेच बरं का! म्हणून तर ती गाडी आपल्याला खरी वाटते.

पण एक हिशेब तिथं नसतो. पडल्यावर लागतं किती, हा!

आमच्या वाटूर फाट्यावर ट्रक, एसट्या यांची सारखी ये-जा असते. अशा रस्त्यावर बाबांची गाडी काढून पुढचं चाक उचलायचा मोह कुणाला झाला, तर त्यानं हे गणित करावं. ताशी ४० किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे ६ मीटर उंचीवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून पडणं. वेग ८० केला तर? दुप्पट उंची? नाही, चौपट! म्हणजे सुमारे २५ मीटर. इथं 'पुन्हा सुरू' असं बटण नसतं.

पालकांनो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदाही कडक झाला आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खेळावर मात्र रागावू नका. घटकाभर शेजारी बसा आणि विचारा, "आत्ता गाडी का उलटली रे?" उत्तर ऐकण्यासारखं असेल.

करून पाहा : जाड पुठ्ठा मधोमध दुमडून घसरगुंडी करा. खाली जमिनीवर रिकामी काडेपेटी ठेवा. गोटी आधी चार बोटं वरून सोडा, मग सोळा बोटं वरून. उतार तोच ठेवा. दुसऱ्या वेळी गोटीचा वेग साधारण दुप्पट होतो. पण पेटी किती लांब सरकली? पट्टीनं मोजा आणि वहीत लिहून ठेवा. वरच्या गणिताचं उत्तर तुमच्या हातानंच मिळेल!