पायाखाली कोण आहे?

गॉडझिला परत आला, ही आता बातमी राहिलेली नाही. १९५४ पासून तो इतक्या वेळा मेला आणि इतक्या वेळा समुद्रातून वर आला की त्याचे परतणे हाच त्याचा स्थायीभाव झाला आहे. गेल्या दहाबारा वर्षांत मात्र तो एकाच वेळी दोन देशांतून परतला. अमेरिकेने २०१४ पासून त्याला किंग काँगच्या जोडीला बसवून एक लांबलचक मालिका उभी केली. जपानने २०१६ साली 'शिन गॉडझिला' आणि २०२३ साली 'गॉडझिला मायनस वन' काढला. यांतला खरा गॉडझिला कोणता, यावर चाहत्यांत उभी फूट पडली आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी या भांडणाकडे पोरखेळ म्हणून पाहू नये, असे आमचे म्हणणे आहे. कारण हे भांडण मुळात कथेविषयीचे आहे. आणि दोन्ही पक्ष चुकले आहेत, असेही आमचे म्हणणे आहे.

पहिल्या पक्षाचे मत थोडक्यात असे: आम्ही तिकीट काढतो ते राक्षस पाहायला, माणसे पाहायला नव्हे. २०१४ च्या अमेरिकी चित्रपटावर त्यांचा मोठा राग होता, तो गॉडझिला जेमतेम काही मिनिटे दिसतो म्हणून. २०१९ च्या भागावर राग होता, तो लढाया सोडून कॅमेरा सारखा एका कुटुंबाच्या कटकटीकडे वळतो म्हणून. निर्मात्यांनी गिऱ्हाइकाचे ऐकले. २०२४ च्या भागात पिरॅमिडच्या पायथ्याशी झुंज होते, रिओ शहर तुडवले जाते आणि या सगळ्यात कोण मेले याची विचारपूस करायला चित्रपटाला सवड नसते. इमारती कोसळतात, पण त्या रिकाम्या असाव्यात असे आपण समजून चालायचे. चाहते खूश झाले. त्यांना हवे होते तेच मिळाले: माणसांचा अडथळा दूर झाला.

दुसरा पक्ष शुद्धतावाद्यांचा. गॉडझिला म्हणजे अणुबॉम्ब, तो जपानचाच, बाकी सगळी भ्रष्ट नक्कल, असा त्यांचा सिद्धान्त. यात तथ्य आहे, पण अर्धेच. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ खलाशी होते. त्यांतला एक त्याच वर्षी सप्टेंबरात दगावला. नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' पडद्यावर आला, तोच मुळी एका जहाजाच्या जळण्याने सुरू होतो. हे सारे खरे. परंतु दहाच वर्षांत, १९६४ साली, याच कंपनीने याच राक्षसाला तीन डोक्यांच्या ड्रॅगनशी लढणारा पृथ्वीचा रक्षक करून टाकले, हेही तितकेच खरे. १९७५ पर्यंत जे पंधरा चित्रपट निघाले, त्यांतले कितीतरी निव्वळ बालगोपाळांच्या कुस्त्या आहेत. तेव्हा जपानी ते खरे आणि अमेरिकी ते खोटे, ही विभागणी इतिहासापुढे टिकत नाही.

शुद्धतावाद्यांचा दुसरा दोष आमच्या वर्गखोल्यांना अधिक ओळखीचा आहे. गॉडझिला बरोबर अणुबॉम्ब, असे समीकरण मांडले की त्यांचे वाचन संपते. प्रतीक ओळखले, दोन गुण मिळाले, पुढचा प्रश्न. आपण कवितेचे जे केले तेच ही मंडळी चित्रपटाचे करीत आहेत. कोणतीही कलाकृती केवळ प्रतीकावर उभी राहत नाही. अणुबॉम्बचे प्रतीक २०१४ च्या अमेरिकी चित्रपटातही आहे. तिथे बिकिनीच्या चाचण्यांचा उल्लेखसुद्धा आहे. त्याने त्या चित्रपटाला १९५४ चे वजन का आले नाही?

आमच्या मते त्याचे उत्तर पडद्यावर राक्षस किती वेळ आहे यात नाही, आणि तो कशाचे प्रतीक आहे यातही नाही. ते त्याच्या पायाखाली कोण आहे, यात आहे.

मूळ 'गोजिरा' पुन्हा पाहावा. टोकियो जळत असताना एक आई भिंतीच्या आडोशाला लेकरांना कवटाळून बसली आहे. आता आपण बाबांकडे जाणार, असे ती त्यांना सांगते. ती कथानकातले पात्र नाही. तिचे नाव आपल्याला कळत नाही, पुन्हा ती दिसत नाही. पण बाबा कुठे गेले असतील, हे १९५४ च्या जपानी प्रेक्षकाला सांगावे लागले नसेल. दुसऱ्या दिवशी इस्पितळात एका लहान मुलाजवळ किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र धरतात, ते वाजते आणि डॉक्टर काही न बोलता मान हलवतो. लोकलमधली एक तरुणी आपण नागासाकीतून कशाबशा वाचल्याचे बोलून जाते. या माणसांमुळे तो रबरी पोशाखातला नट राक्षस होतो. होंडा स्वतः युद्धावरून परतलेले सैनिक होते आणि हिरोशिमाचे भग्नावशेष त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

१९५६ साली अमेरिकेत हा चित्रपट दाखवला तेव्हा काय कापले गेले, हे पाहिले की आमचा मुद्दा स्पष्ट व्हावा. राक्षस कापला नाही. त्याचे चालणे, जाळणे, ओरडणे, सारे राहिले. कापली गेली ती माणसे आणि त्यांची बोलणी. अणुबॉम्बचे बहुतेक उल्लेख त्यांच्याबरोबर गेले. त्या जागी रेमंड बर हा नट अमेरिकी वार्ताहर म्हणून घातला गेला, जो खिडकीतून सारे पाहतो आणि आपल्याला सांगतो. माणसे कमी करा ही आजच्या चाहत्याची मागणी नवी नाही. ती सत्तर वर्षांपूर्वी एकदा पुरी करून झाली आहे.

हे आम्ही मूलमध्ये बसून लिहीत आहोत, आणि ही गोष्ट आमच्या दृष्टीने गौण नाही.

मूल हा चंद्रपूर जिल्ह्यातला धानाचा तालुका. बांधी जिथे संपते तिथे जंगल सुरू होते, आणि ताडोबाच्या बफर क्षेत्रातला एक भाग मूलच्याच नावाचा आहे. इथे मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला, सरपणाला, गुरांमागे माणसाला जंगलात जावेच लागते. २०२५ च्या मे महिन्यात शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. २०२२ साली जिल्ह्यात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत सुमारे पन्नास माणसे गेली.

घाईने गैरसमज होऊ नये. वाघ हा राक्षस नाही. तो कोणाच्या पापाचा अवतार नाही आणि कशाचे प्रतीकही नाही. तो भुकेला, पिल्ले असलेला, जागा कमी पडलेला प्राणी आहे. त्याला राक्षस ठरवणे हा त्याच्यावरचा अन्याय होईल, आणि त्याला मारा असे म्हणण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. आमचा रोख वाघावर नाही, वाघाच्या गोष्टीवर आहे. माया, मटकासूर, छोटा मटका, वाघडोह ही ताडोबाच्या वाघांची नावे देशभरच्या पर्यटकांना पाठ आहेत. त्यांची घराणी, त्यांच्या झुंजी, त्यांच्या जखमा यांची चर्चा अगदी चाहत्यांच्या भाषेत चालते. २०२२ च्या मे महिन्यात म्हातारा वाघडोह मेला तेव्हा त्याच्यावर हळहळून लिहिले गेले, आणि ते वाचून आम्हांलाही वाईट वाटले. पण त्याच वर्षी गेलेल्या माणसांपैकी एकाचे तरी नाव जिल्ह्याबाहेर कोणाला सांगता येईल काय? त्यांच्या वाट्याला मथळा येतो: 'वाघाच्या हल्ल्यात गुराखी ठार', 'महिला ठार'. नाव आले तरी शेवटच्या ओळीत, मदतीच्या रकमेच्या आधी. वाघाला व्यक्तिमत्त्व आणि माणसाला वर्गवारी, ही वाटणी आम्ही रोज वाचतो. म्हणून पडद्यावर जेव्हा कोणी माणसांचा भाग कंटाळवाणा आहे, तो उडवा असे म्हणतो, तेव्हा आम्हांला ते नुसते अभिरुचीचे मत वाटत नाही.

आमच्या जुन्या कथाकारांना ही गोष्ट ठाऊक होती. महाभारतातले बकवधपर्व काढून पाहावे. एकचक्रा नगरीत रोज एका घराची पाळी: गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. महाभारतकाराला झुंजीचे वावडे नाही, आणि भीम हाताशी आहे. तरीही तो आधी आपल्याला त्या ब्राह्मणाच्या घरात नेतो. बाप म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. आणि ज्याला अजून नीट बोलता येत नाही असा धाकटा गवताची काडी उगारून, हिने मी राक्षसाला मारतो, असे सांगतो. रडणाऱ्या घराला क्षणभर हसू येते. पुढे भीम बकाला मारतो ते फार थोडक्यात आटोपते. आजच्या चाहत्याने हे पर्व संपादित केले असते तर पहिले ते घर उडवले असते. मग उरली असती एक बरी कुस्ती, आणि बक कोण होता हे कोणालाच कळले नसते.

आणि ताडोबा? हे नाव वाघाचे नव्हे. तारू नावाच्या गावमुखियाची वाघाशी झुंज झाली, तीत तो मेला, लोकांनी तळ्याच्या काठी त्याचा देव केला. तेच हे नाव, असे इथली परंपरा सांगते. पौषात तिथे आदिवासींची यात्रा भरत आली आहे. १९५५ साली घोषित झालेले राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान हे वाघाच्या पायाखाली गेलेल्या माणसाच्या नावाने ओळखले जाते. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी वाघाचा द्वेष केला नाही. याच मुलखात वाघदेवही पुजला जातो. त्यांनी दोघांनाही गोष्टीत जागा दिली.

आता आक्षेप. प्रत्येक चित्रपट शोकसभा का असावी, दोन घटका मौज करू द्याल की नाही, असे विचारले जाईल. जरूर करावी. आम्हीही या कुस्त्या मजेने पाहिल्या आहेत. पण मौजेला मौज म्हणावे. तिलाच खरा गॉडझिला म्हणून इतरांना अडाणी ठरवू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: या चित्रपटांतली माणसे खरोखरच कंटाळवाणी असतात. मान्य. पण पात्र कच्चे असेल तर ते पक्के लिहावे, अशी मागणी वाचकाने करायची असते. पात्रेच नकोत, ही मागणी वाचकाची नव्हे, गिऱ्हाइकाची.

माणसे पक्की लिहिता येतात, याचे पुरावे समोर आहेत. 'शिन गॉडझिला' २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतरचा आणि फुकुशिमानंतरचा. त्यात राक्षस शहरात शिरतो आणि अधिकारी एका बैठकीतून उठून दुसऱ्या बैठकीत बसतात. ज्याने मृत माणसाच्या पंचनाम्यासाठी ताटकळणारी मंडळी पाहिली आहेत, त्याला हे हसू येता येता घशात अडकेल. 'मायनस वन'मध्ये ताकाशी यामाझाकी यांनी युद्धातून जिवंत परतल्याची लाज बाळगणारा वैमानिक उभा केला. मार्च २०२४ मध्ये या चित्रपटाला दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळाले. पण ती दृश्ये अंगावर येतात ती आपण त्या मोडक्या घरातल्या तिघांना आधी ओळखू लागलो म्हणून.

मात्र हाच निकष आमच्या आवडत्या चित्रपटालाही लावला पाहिजे, नाहीतर आम्हीही चाहतेच ठरू. 'मायनस वन' शेवटी हळवा होतो. जिच्या मरणाने कथेला धार आली तिलाच तो परत जिवंत करतो. आणि त्याहून मोठी गोष्ट: त्याच्या पायाखालची सारी माणसे जपानी आहेत. याच युद्धात जपानी बुटांखाली चीन, कोरिया, फिलिपिन्स इथली जी माणसे गेली, त्यांची सावलीही या चित्रपटावर पडत नाही. पायाखाली कोण आहे, हा प्रश्न म्हणूनच चांगला आहे. तो कोणाचीच बाजू घेत नाही.

शिक्षकमित्रांना आमची एक सूचना. हा चित्रपट, किंवा राक्षसाची कोणतीही कथा, वर्गात घ्यावी, अवश्य घ्यावी. पण 'यातील प्रतीक स्पष्ट करा' हा प्रश्न या वेळी राहू द्यावा. त्याऐवजी एवढेच विचारावे: या कथेत जी माणसे मेली, त्यांपैकी कितींची नावे तुम्ही सांगू शकता? त्यांच्या घरी त्या दिवशी काय शिजणार होते, ते कथेने सांगितले आहे काय? उत्तरपत्रिका कोऱ्या आल्या तर दोष विद्यार्थ्यांचा समजू नये. आणि मूलच्या वर्गात हा प्रश्न विचारणाऱ्याने तयारीने जावे. तिथे एखादे पोर चित्रपटातले नव्हे, गावातले नाव सांगेल.