पेजेवर भागत नाही

‘नळी लागली म्हणजे संपलं.’ गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण नाकात नळी घेऊन नागपूरहून परतला, की ओसरीवर हे वाक्य कुणीतरी बोलतंच. हलक्या आवाजात, पण त्याच्या बायकोला ऐकू जाईल इतपत.

हे खोटं आहे. जबड्याचं ऑपरेशन झालं की जखम भरेपर्यंत तोंडावाटे काही देत नाहीत. पुढे शेक (रेडिएशन) सुरू झाले की तोंड आतून सोलून निघतं, थुंकीही गिळवत नाही. या दिवसांत अंगातली ताकद गेली तर शेक मध्येच थांबवावे लागतात. ते थांबू नयेत म्हणून नळी असते. अनेकांची ती काही आठवड्यांत निघते. ज्यांची निघत नाही त्यांच्यासाठी पोटातून थेट जठरात नळी बसवता येते. शिकागोचे चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांना 2006 च्या शस्त्रक्रियेनंतर खाता, पिता, बोलता येईना. 2013 मध्ये ते वारले. मधली सात वर्षं ते पोटातल्या नळीवर जगले आणि लिहीत राहिले. 2010 मध्ये तर त्यांनी भाताच्या कुकरवर पुस्तक काढलं! धानाच्या जिल्ह्यातल्या माणसांनी निदान हे तरी लक्षात ठेवावं.

तंबाखू-सुपारीच्या खर्र्यावरून ‘खाल्ला, आता भोगा’ म्हणणाऱ्यांना फार जागा देत नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पानठेल्यावर मागितलं ते मिळतं. खाणाऱ्याला दोष द्यायचा तर विकणाऱ्यालाही द्या. आणि दोष ठरला म्हणून त्याला उपाशी ठेवायचं का?

खरा वाद डब्याचा आहे. एक बाजू म्हणते, नळीतून डब्यातली तयार आहाराची पावडरच जायला हवी, घरचं चालत नाही. दुसरी म्हणते, पावडर परवडत नाही, पेज पाजा. दोघांचंही चुकतं, पण पेजवाल्यांचं जास्त. पेज पोटाला गार वाटते, नळीतून सरसर उतरते, म्हणून घरच्यांना समाधान मिळतं. पण तिच्यात बहुतेक पाणीच असतं. पन्नास किलोच्या रुग्णाला दिवसाला साधारण 1,250 ते 1,500 कॅलरी आणि 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात. पेजेवर ठेवलेला माणूस रोज आठ वेळा ‘जेवून’ उपाशी मरू शकतो.

पावडरीचा हिशोबही करू. चारशे ग्रॅमच्या डब्यात सुमारे 1,800 कॅलरी मिळतात. सगळं त्यावरच भागवायचं म्हटलं तर महिन्याला वीस-पंचवीस डबे झाले. डबा पाचशेचा धरला तरी दहा-बारा हजार. राइस मिलमध्ये पोती वाहणाऱ्याच्या घरात हे पैसे आणायचे कुठून? मग बाई काय करते, तर एक डबा महिनाभर पुरवते, दोन चमचे पाण्यात कालवून. डबा घरात आहे, ताकद मात्र नाही.

आता घरचं बघा. एक लिटर गाईचं दूध, तीन उकडलेली अंडी, भाजलेल्या चण्याचं पन्नास ग्रॅम पीठ, साठ ग्रॅम तांदूळ, वीस मिली तेल, तीसेक ग्रॅम गूळ. बेरीज सुमारे 1,550 कॅलरी आणि 65 ग्रॅम प्रथिनं. खर्च दिवसाला शंभर-सव्वाशे. अडचण दाटपणाची: असं मिश्रण नळीत अडकतं. त्याला तोडगा जुनाच आहे. गव्हाला किंवा नाचणीला मोड आणून, वाळवून, हलकं भाजून केलेलं पीठ चमचाभर घालून मिश्रण कोमट ठेवलं की मोडातलं पाचक द्रव्य पिठूळपणा फोडतं आणि घट्ट खीर पातळ होते. मग बारीक फडक्यातून गाळायचं. साखरेच्या किंवा किडनीच्या रुग्णाचं प्रमाण वेगळं, ते आहारतज्ज्ञानेच ठरवावं. आणि नळीचं टोक जठरात नसून आतड्यात असेल, तर हे चालत नाही. तिथे पावडरवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.

देताना रुग्णाला टेकून बसवायचं, नंतरही तासभर आडवं होऊ द्यायचं नाही, प्रत्येक वेळी आधी आणि शेवटी थोडं पाणी सोडायचं. नळी निसटली तर घरी परत घालायची नाही. चुकून श्वासनळीत गेली तर दूध फुप्फुसात उतरतं.

राहिलं ‘उपचार तर सगळे फुकट झाले’ हे वाक्य. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होतं, किमो होते, शेक होतात, आणि हे थोडं नाही. रेल्वेतही कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं भाडं माफ आहे, सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. पण योजना दवाखान्याच्या फाटकापर्यंत येते. नळीतून जाणारं दूध फाटकाच्या बाहेर आहे. क्षयरोग्याला मात्र सरकार 2018 पासून आहारासाठी महिन्याला 500 रुपये देत आलं, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 देतं. म्हणजे अन्न हे औषधच आहे, हे सरकारला एका रोगात पटलेलं आहे. तेच तोंडाच्या कॅन्सरला लावा, एवढीच मागणी आहे. नळी, सिरिंज आणि तीन महिन्यांचा आहार उपचाराच्या हिशोबातच धरा आणि आशाताईंना नळीची निगा शिकवा.

त्या हिशोबात आणखी एक रक्कम कुणी धरत नाही. आठ वेळा भरवायचं, दर वेळी अर्धा तास, म्हणजे चार तास. दळणं, गाळणं, तोंड धुणं वेगळंच. रोवणीच्या दिवसांत बाईची रोजी बुडते. ‘बायको आहे ना, ती करेल’ म्हणणाऱ्यांनी भेटीला येताना सफरचंदं आणू नयेत. ती त्याला खाता येत नाहीत. लिटरभर दूध आणावं, आणि एखादी दुपारची फेरी आपण भरवावी, म्हणजे तिला चार घास बसून खाता येतील.