जुनेपणाचे सोवळे

ख्रिस्ती उपासनेतील ऑर्गन आणि वृंदगान यांविषयी आपल्या रसिक मंडळींत एक मत वारंवार ऐकू येते. ही विद्या बाखपाशी पूर्णत्वाला पोचली. त्यानंतर झाले ते एक तर अनुकरण, नाही तर कर्णकटू प्रयोग. आणि प्रयोगाची जागा सभागृहात, देवापुढे नव्हे. सिमला, शिलाँग, कोलकाता, चेन्नई अशा ठिकाणी नेमणुकीवर असलेली आपली माणसे नाताळच्या सुमारास एखाद्या जुन्या कॅथीड्रलमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसतात, तेथील गंभीर नादाने भारावतात आणि परतताना हेच मत बरोबर घेऊन येतात. आम्हीही त्या मागच्या बाकावरचेच. परंतु हे मत आम्हांस मुळीच मान्य नाही. ते चुकीचे तर आहेच. शिवाय ज्या संगीतावर ते प्रेम करू पाहते, त्याच्याच मुळावर येणारे आहे.

प्रथम बाखचीच साक्ष काढू. आम्ही पडलो कारकून. आमचा विश्वास दप्तरावर. १७०६ च्या फेब्रुवारीत आर्नश्टाट येथील चर्चच्या अधिकाऱ्यांनी आपल्या वीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला बोलावून त्याची झाडाझडती घेतली. एक आरोप रजेचा होता. बुक्स्टेहूड या थोर वादकाला ऐकण्यासाठी चार आठवड्यांची रजा घेऊन हे गृहस्थ ल्यूबेकला गेले ते चौपट काळ तेथेच रमले. दुसरा आरोप आमच्या विषयाचा आहे. नित्याच्या भजनांत तो चमत्कारिक फेरफार करतो, परके स्वर मिसळतो आणि त्यामुळे भक्तमंडळी गोंधळून जातात, अशी ती तक्रार कार्यवृत्तात नोंदलेली आहे. हा वादक म्हणजेच योहान सेबास्टियन बाख! आज ज्याच्या नावाने नव्यांना दाराबाहेर उभे केले जाते, त्याच्यावरही त्याच्या काळात हाच ठपका ठेवला गेला होता. पुढे १७२३ मध्ये तो लाइपझिगला गेला आणि पहिली काही वर्षे जवळजवळ दर रविवारी नवी रचना लिहून गायकवृंदापुढे ठेवीत राहिला. तेथील भक्तांना बाख ‘अभिजात’ म्हणून ऐकावयास मिळाला नाही. तो त्यांना त्या आठवड्याची ताजी रचना म्हणून मिळाला. मग बाखची परंपरा पाळणे म्हणजे त्याच्या रचना पुन्हा पुन्हा म्हणणे, की त्याच्याप्रमाणे रविवारी नवे काही देवापुढे ठेवणे?

यावर उत्तर येते की धर्माची शिस्त निराळी असते. ठीक आहे, धर्माचीच आज्ञा पाहू. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी चर्चसंगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्याला उदार म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. त्यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोलताशांसारख्या गोंगाटी वाद्यांना बंदी केली. स्त्रियांना गायकवृंदात मज्जाव केला. अशा कडक शासनकर्त्यानेही उपासनासंगीताला तीनच कसोट्या लावल्या : ते पवित्र असावे, खरी कला असावे आणि सर्व देशांतील भक्तांना आपले वाटावे. वयाची कसोटी त्यांत नाही. उलट, या गुणांना उतरणाऱ्या आधुनिक रचनेला चर्चमध्ये प्रवेश आहे असे त्यांनी स्पष्ट म्हटले. तेव्हा जुनेपणाचे हे सोवळे धर्माने नेसविलेले नाही. ते रसिकांनी स्वतःच्या सोयीसाठी नेसलेले आहे.

नवे संगीत मागितल्यावाचून मिळत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टन गावी सेंट मॅथ्यू चर्चचे पाळक वॉल्टर हसी यांनी १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, आपल्या चर्चच्या पन्नासाव्या वर्षासाठी बेंजामिन ब्रिटनकडे रचना मागितली. ‘रिजॉइस इन द लॅम’ ही ती रचना. तिचे शब्द क्रिस्टफर स्मार्ट या अठराव्या शतकातील कवीने वेड्यांच्या इस्पितळात असताना लिहिलेले होते. त्यांत मांजर आणि उंदीरही आपापल्या परीने परमेश्वराची स्तुती करतात. विक्षिप्ताचे शब्द, तिशीच्या संगीतकाराचे स्वर आणि एका साध्या गावचे चर्च! आज इंग्रजी गायकवृंद ती रचना आपले परंपरागत धन मानून गातात. हेच हसी पुढे चिचेस्टर कॅथीड्रलचे प्रमुख झाले आणि त्यांनी अमेरिकेतील लेनर्ड बर्नस्टाइनकडे मागणी करून १९६५ मध्ये ‘चिचेस्टर साम्स’ ही हिब्रू स्तोत्रांची रचना मिळविली. एका धर्मगुरूने पत्र लिहिण्याचा उद्योग केला नसता, तर यांतले काही झाले नसते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप घेऊ. नवे संगीत अवघड असते. सामान्य भक्त मुका होऊन बसतो आणि उपासनेची मैफल होते. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो आम्ही टाळीत नाही. परंतु त्याचे उत्तर संगीतकारांनीच दिले आहे. १९५८ मध्ये ऑर्फर्डच्या चर्चमध्ये ब्रिटनचे ‘नोज फ्लड’ हे नोहाच्या महापुराचे संगीतनाट्य झाले. त्यात शाळकरी मुले गातात आणि वाजवितात, पावसाचे पहिले थेंब दोरीला टांगलेल्या चहाच्या पेल्यांवर वाजतात, आणि जमलेले सारे लोक उभे राहून स्तोत्रे म्हणतात. दुसरे उत्तर पॅरिसचे. १९३१ पासून १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑलिव्हिए मेसियाँ ‘ला त्रिनिते’ चर्चचा ऑर्गनवादक होता. त्याच्या स्वरांविरुद्ध भक्तांनी कुरकुर केली तेव्हा वेळा वाटून घेण्यात आल्या : एका उपासनेत प्राचीन एकस्वरी गान, दुसरीत जुन्या आचार्यांच्या रचना आणि दुपारच्या उपासनेत त्याच्या स्वतःच्या. ज्याला जे रुचेल त्याने त्या वेळी यावे. प्रश्न इतका व्यवहाराने सुटतो. त्यासाठी दार लावून घ्यावे लागत नाही.

या मेसियाँशी आपले एक नाते आहे. १९५१ च्या त्याच्या ‘लिव्र दॉर्ग’ या ऑर्गनसंग्रहातील काही रचना प्रायश्चित्तकाळ, त्रैक्य रविवार अशा प्रसंगांना नेमून दिलेल्या आहेत. आणि पहिल्याच रचनेत प्रतापशेखर, गजझंप व सारस हे ताल आहेत. हे ताल ‘संगीतरत्नाकरा’तले, शार्ङ्गदेवाने नोंदलेल्या १२० देशी तालांपैकी. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला हा शार्ङ्गदेव जमाखर्चाच्या दप्तराचा अधिकारी होता आणि त्याचे घराणे काश्मीरहून दक्षिणेत आलेले. म्हणजे सरकारी हिशेब ठेवणाऱ्या एका माणसाने टिपलेले ताल सातशे वर्षांनी फ्रेंच ऑर्गनमध्ये शिरले. ते तेथे कोणी भक्तिभावाने जपून ठेवले होते म्हणून नव्हे, तर एकाने त्यांतून नवे घडविले म्हणून. जुन्याचा याहून मोठा मान कोणता?

नव्याच्या नावाखाली खपणाऱ्या दुसऱ्या एका मालालाही आमचा तितकाच विरोध आहे. गायकवृंद बरखास्त करावयाचा, ऑर्गनला कुलूप घालावयाचे आणि ध्वनिमुद्रित साथीवर चार सुलभ चाली म्हणून मोकळे व्हावयाचे, हे नवे नव्हे, स्वस्त आहे. त्याला विरोध म्हणून केवळ जुने धरून बसणे मात्र व्यर्थ. ज्या गायकवृंदाला नवे शिकावयाचे नसते, त्यात तरुण येत नाहीत. आणि ज्या ऑर्गनसाठी कोणी लिहीत नाही, त्याच्या नळ्या साफ करण्याचा खर्च एक दिवस अनावश्यक ठरतो. मग दमट हवा आणि वाळवी उरलेले काम करतात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने हे ओळखले. १९१८ पासून चालत आलेल्या तेथील नाताळपूर्व उपासनेइतकी परंपरानिष्ठ गोष्ट इंग्लंडात विरळा. परंतु १९८३ पासून तेथे दर वर्षी एक नवे गीत मुद्दाम लिहवून घेण्याचा प्रघात पडला. जूडिथ वीअर, एस्टोनियाचा आर्व्हो पॅर्ट अशांच्या रचना त्यातून जन्मल्या. जुन्या गीतांना त्यामुळे धक्का लागला नाही. उलट त्यांना सोबती मिळाले.

आपल्या भाषेतही हे घडलेले आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भाषांतरित स्तोत्रांवर समाधान मानले असते, तर मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची आणि भजनाची गोडी कोठून लाभती?

म्हणून आमचे सांगणे एवढेच : पुढच्या नाताळात मागच्या बाकावरून उठताना ऑर्गनवादकाला ‘बाख छान वाजविलात’ असे जरूर सांगा, पण ‘आमच्या हयातीत लिहिलेले काही वाजवाल का?’ हेही विचारा. तो प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारलेला नसतो. आणि ज्या उपासनेकडे कोणी नवे मागत नाही, तिच्याकडे असलेले जुनेही फार काळ टिकत नाही.